पारकिसनराव आणि माझं बांगड्यांचं दुकान

किण् किण्

शेजारच्या गल्लीतले एक गृहस्थ वारले होते. चौथ्या दिवशी आम्ही पाच-सहा बायका त्यांच्या घरी भेटायला गेलो. सतरंजीवर सगळ्या खाली माना घालून बसलेल्या, कोणी काही बोलेना. आणि त्या शांततेत किण् किण् असा आवाज यायला लागला. मला मनातून रागच आला. एवढ्या दुःखाच्या जागी ही कोण बाई बांगड्या वाजवत बसलीय?

कोपऱ्यातली एक म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, "विमलबाई, कुठं जायची गडबड हाय का?"

मी खाली पाहिलं. माझा डावा हात मांडीवर पडला होता आणि आपल्या मनानं हलत होता. मी उजव्या हातानं तो दाबून धरला. आवाज थांबला. सोडला की पुन्हा किण् किण्. शेवटी मी तो हात मांडीखाली घेऊन बसले आणि घरी आल्यावर डाव्या हातातल्या सगळ्या काचेच्या बांगड्या काढून ठेवल्या. एकच पाटली राहू दिली.

वाचणाऱ्याला यात विशेष वाटणार नाही, म्हणून सांगते. मी कासारीण आहे. पूर्णेला आमचं बांगड्यांचं दुकान आहे. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला आधी हात बघायला शिकवलं, स्वयंपाक नंतर. कुणाचा हात कणकेसारखा दबतो, कुणाचा लाकडासारखा, कुणाला सव्वादोनची बांगडी चढेल आणि कोण उगीच हट्ट करतंय, हे मला मनगटाला हात लावल्याबरोबर कळतं. चुडाव्याच्या बाजाराला मी पॅसेंजरनं बांगड्यांची पेटी घेऊन जायची. या भागातल्या किती नवऱ्या मुलींना मी चुडा भरला त्याची मोजदाद नाही. अशा बाईनं स्वतःचा हात मोकळा करून ठेवणं म्हणजे काय, ते आमच्या ह्यांना बरोबर कळलं. पण ते गप्प राहिले. मीही गप्प राहिले. असं आम्ही दोघं मिळून सहा महिने गप्प होतो.

मग एक दिवस दुकानात एका पोरीच्या मुठीवरच बांगडी पिचली. माझी बोटं हवी तेवढी वळलीच नाहीत. पोरीला काच लागली, रक्त आलं. ती बिचारी "काही न्हाई काकू" म्हणाली, पण तिची आई माझ्या हाताकडे बघत राहिली. त्या नजरेनं मी जेवढी मेले तेवढी आजवर कशानं मेले नव्हते.

हे आतून आले, पोरीच्या बोटाला हळद लावली आणि मला म्हणाले, "उद्या नांदेडला जायचं."

मज्जातंतूंचा डॉक्टर

दवाखान्यात आमच्या आधी एक गृहस्थ बसले होते. पाठीतून पार वाकलेले. त्यांची मुलगी त्यांना चमच्यानं पाणी पाजत होती आणि अर्धं पाणी शर्टावर जात होतं. मी त्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि तेवढंच बघत राहिले. माझी सगळी भीती त्या शर्टावरच्या ओल्या डागात होती. पुढे कित्येक महिने, दुपारी घर शांत झालं की मला तो डागच दिसायचा.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी मला अंगठा आणि बोट भराभर जुळवायला लावलं, खुर्चीतून उठायला लावलं, चालायला लावलं. मग कागद दिला, नाव लिहा म्हणाले. मी लिहिलं. पहिलं अक्षर नीट आलं, आणि शेवटाकडे जाता जाता अक्षरं अशी बारीक होत गेली की आडनाव मुंग्यांच्या रांगेसारखं दिसायला लागलं.

ते म्हणाले, "काकू, याला पार्किन्सन म्हणतात. हा पूर्ण बरा होत नाही. पण गोळ्यांवर माणूस चालतं-फिरतं राहतं. आणि तुम्ही स्वतःला किती चालतं ठेवता, त्यावरही पुष्कळ आहे."

हे म्हणजे आमचे मालक, रेल्वेत गँगमन होते. आयुष्यभर रूळ बघितले, त्यांच्या डोळ्यांत कधी पाणी बघितलं नव्हतं मी. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिची घडी घालत बसले. मी एकच विचारलं, "डॉक्टरसाहेब, मला बांगड्या भरता येतील का?"

त्यांना हा प्रश्न कोणी विचारला नसावा. थोडा विचार करून त्यांनी नर्सला बोलावलं. "आत्ता भरून दाखवा," म्हणाले.

मी उजव्या हातातली एक बांगडी उतरवली. नर्सचा हात धरला. सैल सोड म्हटलं, अंगठा आत घेतला, आणि करंगळीच्या बाजूनं बांगडी फिरवत चढवली. वेळ लागला. पण ज्या हातानं सहा महिने मला छळलं होतं, तो बांगडी भरताना हलला नाही.

डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बघत होते. म्हणाले, "बघा. रिकामा असला की हलतोय, कामाला लागला की थांबतोय. सगळ्यांचं असं नसतं, आणि पुढे काय होईल तेही मी आज सांगू शकत नाही. पण आज तुमचं असं आहे."

मी नर्सला बांगडी राहू दे म्हटलं. आजार कळल्यावरचं माझं ते पहिलं गिऱ्हाईक.

परतीच्या गाडीत मी पदरानं डोळे पुसत होते. चुडावा गेल्यावर हे म्हणाले, "काय नाव म्हणाला गं तो?"

"पार्किन्सन."

"पारकिसन." ह्यांनी तोंडात घोळवून बघितलं. "आमच्या गँगमधी एक रामकिसन होता, एक हरकिसन होता. ह्यो तिसरा भाऊ दिसायलाय."

मी रडत होते ती हसायला लागले. समोरच्या बाकावरची बाई घाबरून खिडकीकडे सरकली. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या आजाराला पारकिसनराव म्हणतात. "आज पारकिसनराव लवकर उठले वाटतं," "पारकिसनरावांना चहा नको का?" पाहुणा घर सोडून जाणारच नसेल तर निदान त्याला नावानं हाक मारता यावी.

दुकानाला कुलूप

हे सगळं वाचून कोणाला वाटेल की आम्ही हसत हसत निभावलं. तसं नाही झालं.

मुलगा संतोष नांदेडला कंपनीत आहे, सुट्टीला येतो; त्याची बायको आमच्याजवळ असते. तो आला आणि म्हणाला, "आई, आता बास. एखाद्याला काच लागली, कोणी भांडलं, तर काय करायचं? दुकान बंद कर." तो माझ्या काळजीनंच बोलत होता. पण मला वाटलं, ह्यानं मला त्या वाकलेल्या गृहस्थांच्या शेजारी नेऊन बसवलं. मी ताट सरकवून उठले. उठले म्हणजे उठायला गेले, आणि पाय निघेचना. रागानं ताडकन निघून जायचं आणि जागेवरच उभं राहायचं, याच्यासारखी फजिती नाही. सगळे मला बघत होते, मी भिंतीला बघत होते.

दुकानाला कुलूप लागलं. चार महिने. कोणी आलं तर सून अर्चना सांगायची, "आईंना बरं न्हाई." मी आत बसून ते ऐकायची. गोळ्यांनी अंग हलकं होत होतं, पण मन दगड झालं होतं. अर्चनावर मी विनाकारण चिडायची. भाजीत मीठ कमी, पाणी गार, काहीही. एकदा तिनं पोळपाट बाजूला ठेवला आणि म्हणाली, "आई, तुमी माझ्यावर चिडा, मला चालतंय. पण मग बांगड्या भरायला तरी शिकवा. नुसती बोलणी खाऊन मला काय मिळायलंय?"

दुसऱ्या दिवशी मी तिला पेटीसमोर बसवलं. तिचा हात बघितला. दहा वर्षं ही माझ्या घरात वावरत होती आणि मी तिचा हात कधी नीट धरला नव्हता. नाजूक आहे, पण बोटांत जोर आहे.

रूळ

माझे पाय सगळ्यात जास्त दारात अडकायचे. उंबरा आला की जमीन पाय धरून ठेवायची. डॉक्टर म्हणाले होते, जमिनीवर आडव्या रेघा असल्या तर पाय उचलायला सोपं जातं. एवढं ऐकल्यावर आमच्या ह्यांना दुसरं काही सुचेना. तीस वर्षं रुळावर चाललेला माणूस. त्यांनी पांढरी चिकटपट्टी आणली, टेप घेऊन माझं पाऊल मोजलं, आणि बिछान्यापासून मोरीपर्यंत, तिथून स्वयंपाकघर, तिथून पुढचं दार, अशा आडव्या पट्ट्या मारत सुटले. दोन दिवस गुडघ्यावर बसून काम चाललं होतं. मी विचारलं, "हे काय करायलाव?"

"रुळाखालचे स्लीपर टाकायलोय. पाय ठेव आता."

मी एक पट्टी ओलांडली, दुसरी ओलांडली, आणि मोरीपर्यंत न थांबता गेले. ते पाठीमागून ओरडले, "लाईन क्लिअर हाय!"

घरी येणाऱ्यांना पहिल्यांदा वाटायचं की फरशी फुटलीय. हे गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "सिंगल लाईन हाय. समोरून कोणी येऊ नका, विमल येईपर्यंत आउटर सिग्नलला थांबा." आणि लोक खरोखर थांबायचे.

ह्याच माणसानं वयाच्या पासष्टीत माझ्या ब्लाउजचे हुक लावायला शिकून घेतलं. सुरुवातीला वर-खाली लावायचे, मी दिवसभर तिरकी फिरायची. मला लाज वाटायची, त्यांना नाही. "मोठमोठे बोल्ट आवळले मी," म्हणायचे, "पर ह्यो नट लय बारीक हाय."

तोऱ्यात

मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत असलेल्या एका वाण्याच्या घरच्या महानंदाआक्का माझ्या जुन्या मैत्रीण. कपाळाला विभूती, आवाज खणखणीत, मन त्याहून मोकळं. त्यांच्या घरच्या सगळ्या लेकी-सुनांचे चुडे मीच भरलेले. एक दिवस त्या आल्या आणि बसल्याबरोबर म्हणाल्या, "विमल, तू लय तोऱ्यात राहायलीस बाई. परवा बाजारात मी एवढं हसून बोलले, तू दगडासारखं तोंड केलंस."

ह्या आजारात चेहरा आखडतो. आतून हसू येतं, पण ओठांपर्यंत पोचत नाही. आवाजही लहान झालेला. मी कसंबसं सांगितलं, "आक्का, मी हसले होते. बाहेर आलं न्हाई एवढंच."

आक्कांनी पुढे सरकून माझं तोंड न्याहाळलं. मग म्हणाल्या, "मग तोंडानं सांगत जा की, हसले म्हणून. आमाला काय कळतंय!"

तेव्हापासून मी तसंच करते. कोणी विनोद केला की मी स्पष्ट म्हणते, "हसले." पहिल्यांदा लोक दचकतात, मग तेच पोट धरून हसतात. हे तर कधी कधी हिशोब मागतात, "दोन विनोद सांगितले मी, एकदाच हसलीस."

त्याच भेटीत आक्का मूळ गोष्टीवर आल्या. नातीचं, गौरीचं लग्न ठरलं होतं. चहा झाला, पाहुण्यांची चौकशी झाली, पण चुड्याचं नाव नाही. मला कळलं. मी म्हटलं, "नांदेडची बाई सांगितली का?"

आक्कांनी पदर चाचपला. "तुला तकलीफ नको म्हणून, विमल."

"तकलीफ मला हाय आक्का, गौरीला न्हाई. मीच भरणार."

"लग्नाचा चुडा हाय गं. एखादी वाढली तर पाव्हण्यांत बोलणं होतं."

आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. आक्का हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत, उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी गौरीचाच पुण्याहून फोन आला. "काकू, आजी घाबरायली. मी न्हाई घाबरत. माझा हात तुमीच धरायचा."

गौरीचा चुडा

पंधरा दिवस मी सराव केला. अर्चनाच्या हातात भरायच्या, काढायच्या. तिचा हात लाल झाला तेव्हा हे पुढे झाले. "माझ्यावर कर." मी नको नको म्हणत असताना त्यांनी गँगमनचा तो पंजा पुढे केला आणि मला काय चेव आला, मी सगळ्यात मोठ्या मापाची हिरवी बांगडी त्यांच्या हातात चढवली. चढली, पण उतरेना. साबण लावला, तेल लावलं. तेवढ्यात दारात पोस्टमन आला आणि सही करायला ह्यांना तोच हात पुढे करावा लागला. पोस्टमननं कागद घेतला, बांगडी बघितली, माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता सायकलवर बसला. मी म्हटलं, "हसले." चांगलं तीनदा म्हटलं.

चुड्याचा दिवस. साडेदहाची वेळ दिली होती, म्हणून मी हिशोबानं गोळी घेतली. गोळी वेळेवर लागू झाली, बाकी कोणीच वेळेवर नव्हतं. कोणाचे केस व्हायचे होते, वराकडच्या बायकांची गाडी यायची होती. साडेअकरा झाले. मी आक्कांना बाजूला घेऊन सांगितलं, "आक्का, गोळीचा जोर साडेबारापर्यंतच हाय. त्याच्यानंतर पारकिसनराव येतात."

आक्कांनी कपाळाला हात लावला, आणि मग मधल्या घरात उभं राहून असा आवाज दिला की अर्धवट वेण्या घातलेल्या पोरीसुद्धा येऊन बसल्या.

आणि नेमकी मी दारात अडकले. आत पन्नास बायका, सगळ्यांचे डोळे माझ्यावर, आणि उंबऱ्यापाशी माझे पाय रुतलेले. वराकडच्या दोघी कुजबुजल्या. अर्चना मागे होती. तिनं बाजूनं स्वतःचा पाय माझ्या पायापुढे आडवा ठेवला. मी तो ओलांडला आणि आत आले.

मग मला वाटलं, लपवायचं कशाला? बसल्यावर मी माझ्या त्या लहान आवाजात म्हटलं, "बायांनो, मला हात कापायचा आजार हाय. रिकामा असला की कापतो, म्हणून त्याला रिकामं ठेवत न्हाई. माझं तोंड बघून मी चिडले असं समजू नका. मी लय खुशीत हाय." मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून आक्कांनी ते सगळं मोठ्यानं पुन्हा सांगितलं. बायका हसल्या. बरं वाटलं.

गौरीचा हात हातात घेतला. उजव्या हातात अकरा, डाव्यात दहा. अर्चना एकेक बांगडी देत होती. एक, दोन, तीन. घामानं माझं ब्लाउज ओलं झालं, पण हात शांत होता. सहा भरल्या. सातवी मुठीच्या उंचवट्यावर आली, माझी बोटं जराशी थबकली, आणि कट् असा आवाज झाला. मी तुकडे लगेच माझ्या मुठीत घेतले. गौरीला काही लागलं नाही. पण सगळ्यांच्या माना माझ्या मुठीकडे वळल्या. मला दुकानातल्या त्या पोरीच्या बोटावरचं रक्त आठवलं. वाटलं, आता उठावं.

गौरी सरळ म्हणाली, "वाढली. अर्चनावहिनी, दुसरी द्या."

तेवढ्यात वराकडची एक म्हातारी पुढे सरकली. म्हणाली, "माझ्या येळंला चार वाढल्या होत्या. पन्नास वर्सं झाली, म्हातारा अजून माझं ऐकतोय. भर बाई तू."

असा हशा पिकला की मला "हसले" म्हणायलाही जागा राहिली नाही. एकविसावी बांगडी चढली तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. गौरीनं रिवाजाप्रमाणे वाकून नमस्कार केला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि हात पुन्हा कापायला लागला, तिच्या केसांतला गजरा हलायला लागला. ती वाकलेलीच राहिली, मी हात काढेपर्यंत.

मान वर केली तर समोर आक्का बसलेल्या, स्वतःचा हात पुढे करून. "माझ्या बी भर," म्हणाल्या.

त्या दिवशी मी ज्या ताठ मानेनं घरी आले, तशी लग्नाच्या वरातीतही आले नव्हते. संतोषला कळलं तेव्हा त्यानं फोनवर आधी माझ्या गोळ्यांची चौकशी केली. मग म्हणाला, "कुलपाची किल्ली कुठं ठेवलीय आई? रविवारी येतो, दुकान झाडून देतो." आला, झाडलं, आणि माझ्याशी नजर न मिळवता परत गेला. त्याचं एवढंच असतं.

देवगाव फाट्यावर

दुकान आता रोज अकरा ते एक आणि चार ते साडेपाच उघडं असतं. त्याच्या अलीकडे-पलीकडे अर्चना बसते. बाया गमतीनं विचारतात, "मावशीची गोळी झाली का?" आणि मगच येतात. आजार वाढलाय, हे मला कळतं. डाव्याच्या जोडीला आता उजवाही हलतो. काही दिवस एकही बांगडी भरता येत नाही. त्या दिवशी मी शेजारी बसते, गिऱ्हाइकाचा हात बघते, माप सांगते. माप अजून चुकलेलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात एक बाई आली. माहेर पूर्णेचं, सासर देवगाव फाट्याकडे. बरोबर नवरा होता, पन्नाशीचा. फाट्यावर त्यांची उसाची रसवंती. दोन महिन्यांपूर्वी त्याला हाच आजार निघाला होता, आणि कोणीतरी तिला माझं नाव सांगितलं होतं. ती भडाभडा बोलत होती. तो स्टुलावर मान खाली घालून बसलेला.

मी त्यालाच विचारलं, "तुमाला सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटतंय?"

मान वर न करताच तो म्हणाला, "गिलास द्यायला गेलो की सांडतो. लोक गिलासाकडं न्हाई, माझ्या तोंडाकडं बघायलेत. मी गाडा विकायचा म्हणतोय."

"गिलास अर्धाच भरा," मी म्हटलं. "अन् दोनदा द्या."

"गिऱ्हाईक म्हणतील, अर्धाच दिला."

"म्हणू द्या की. दुसरा अर्धा आला की गप्प बसतील. गाडा विकू नका."

तो दाराबाहेर बघत बसला. बायकोनं बांगड्या भरून घेतल्या आणि दोघं गेले. मला वाटलं, पोचलं नाही आपलं बोलणं.

यंदा सेलूकडे एका नात्यातल्या लग्नाला जाताना आम्ही देवगाव फाट्यावर उतरलो. हे म्हणाले, रस पिऊ. गाडा होता. तोच होता. चरकातून रस पडत होता आणि समोर बाकावर बसलेली माणसं "अर्धा आण, अर्धा" असं ओरडत होती, जणू तिथला रस असाच मिळतो. त्यानं मला ओळखलं. ग्लास विसळला, निम्म्यापर्यंत भरला, आणि बायकोला न देता स्वतः माझ्यापर्यंत घेऊन आला.

त्याचा हात हलत होता. मी घ्यायला पुढे केलेला माझाही. ग्लास एका हातातून दुसऱ्या हातात गेला आणि थोडा रस सांडला.

"तुमच्याकडून सांडला," तो म्हणाला.

"न्हाई ओ," मी म्हटलं, "तुमच्याकडून."